क्रूझवरची समुद्रातली दुपार: आधी जागा, मग कार्यक्रम

क्रूझच्या वेळापत्रकात काही दिवसांपुढे बंदराचं नाव नसतं, फक्त ‘समुद्रात’ एवढंच लिहिलेलं असतं. अशा दिवशी सकाळ उशिरा उठण्यात आणि नाश्त्यात जाते, संध्याकाळ जेवण आणि नाट्यगृहातल्या शोमध्ये. मधली एक ते पाचची दुपार मात्र रिकामी उरते आणि नवख्यांची फजिती होते ती इथेच. पोहण्याच्या पूलपाशी खुर्ची मिळत नाही, आवडीचा कार्यक्रम आधीच भरलेला असतो, ऊन लागतं, आणि शेवटी भूक नसताना पुन्हा बुफे गाठला जातो. बंदराच्या दिवशी अर्धं जहाज रिकामं असतं. समुद्रातल्या दिवशी मात्र सगळे प्रवासी जहाजावरच असतात आणि साधारण एकाच वेळी एकाच ठिकाणी जातात.

बहुतेक जण कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन काय करायचं ते आधी ठरवतात. त्याऐवजी कुठे बसायचं ते आधी ठरवावं. ऊन कुठल्या बाजूला आहे, वारा किती आहे आणि जहाज किती हलतंय, या तीन गोष्टी कळल्या की निम्मी दुपार आपोआप जुळून येते.

आदल्या संध्याकाळी

दुसऱ्या दिवसाची पत्रिका आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येते किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर दिसते. ती वाचताना दुपारची एकच गोष्ट पक्की करा, दोन हाताशी ठेवा, बाकीच्यांवर काट मारा. लागोपाठच्या दोन कार्यक्रमांत अर्ध्या तासापेक्षा कमी अंतर असेल तर दोन्ही गाठायचा हट्ट धरू नका. मोठं जहाज तीनशे मीटरच्या आसपास लांब असतं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, तेही पाच-सहा मजले वर-खाली करून जायचं, तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. त्यात नाट्यगृह नुकतंच सुटलं असेल तर लिफ्टसमोर रांग लागते, म्हणून जिने कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

पत्रिकेत घड्याळाची सूचना शोधा. पश्चिमेकडे जाताना घड्याळ बहुधा रात्री एक तास मागे घेतात. पूर्वेकडे जाताना ते पुढे करावं लागतं, आणि काही जहाजांवर हे दुपारी बारालाच करतात. म्हणजे बाराचा एक वाजतो आणि दुपारच्या जेवणाचा तास गायब होतो. फोनवरचं घड्याळ उपग्रहाच्या किंवा जवळच्या किनाऱ्याच्या नेटवर्कवरून भलतीच वेळ दाखवू शकतं. आपोआप वेळ बदलायची सोय बंद करा आणि केबिनमधल्या फोनवर किंवा टीव्हीवर दिसणारी जहाजाची वेळ हातानं लावा.

फोन जहाजावर चढल्यापासूनच विमान मोडवर ठेवा आणि त्यातच फक्त वाय-फाय चालू करा. नाहीतर तो जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला जोडला जातो आणि त्या रोमिंगचं बिल घरी परतल्यावर धक्का देतं. समुद्रातल्या दुपारी अख्खं जहाज इंटरनेटवर असतं, त्यामुळे वेगही मंदावतो. पुस्तकं, गाणी, चित्रपट बंदरातच उतरवून घ्या.

ऊन, वारा आणि हेलकावे: जागा कशी निवडायची

जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. दुपारी सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो. त्यामुळे जहाज उत्तरेकडे चाललं असेल तर दुपारभर डाव्या बाजूला ऊन आणि उजवीकडे सावली. दक्षिणेकडे चाललं असेल तर उलट. पूर्वेकडे जाताना ऊन मागच्या डेकवर उतरतं, पश्चिमेकडे जाताना समोरून येतं. दिशा शोधायला फोनमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, पोलादी जहाजावर ते हमखास चुकतं. केबिनच्या टीव्हीवर जहाजाचा नकाशा आणि दिशा दाखवणारा चॅनेल असतो, तो पाहा.

वाऱ्याचं गणित थोडं वेगळं आहे. डेकवर जाणवणारा वारा हा खरा वारा आणि जहाजाचा वेग यांची बेरीज-वजाबाकी असते. जहाज २० नॉटनं चाललंय असं धरा, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर. हवा पूर्ण स्थिर असली तरी उघड्या डेकवर तेवढा वारा लागणारच. समोरून १५ नॉटचा खरा वारा आला की डेकवर ३५ नॉट, म्हणजे ताशी जवळपास ६५ किलोमीटर. अशा वेळी टोप्या उडतात, पुस्तकाची पानं धरवत नाहीत आणि वरचे डेक कधी कधी बंदही करतात. तोच वारा मागून आला तर डेकवर जेमतेम ५ नॉट उरतात. मग उन्हात उकडतं आणि धुरांड्याचा धूरही जहाजावरच रेंगाळतो. म्हणून समोरून वारा असेल तेव्हा मागच्या डेकवर, वरच्या मजल्यांच्या आडोशाला बसावं. मागून असेल तर पुढच्या बाजूला किंवा कडेच्या फिरायच्या डेकवर.

दुपारी बाराच्या सुमारास कप्तान किंवा एखादा अधिकारी ध्वनिक्षेपकावरून जहाजाचं स्थान, वारा, लाटा आणि पुढचं हवामान सांगतो. ही घोषणा कान देऊन ऐका, दुपारचा बेत तिच्यावरच ठरतो. वारा बऱ्याचदा बोफोर्ट मापात सांगतात. हे माप ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफोर्ट यांनी १८०५ मध्ये आखलं आणि त्याची गंमत अशी की ते नुसत्या डोळ्यांनी पडताळता येतं. पाण्यावर पांढऱ्या फेसाचे तुरळक तुरे दिसले तर ३, म्हणजे ७ ते १० नॉट. तुरे बऱ्यापैकी सगळीकडे दिसले तर ४, म्हणजे ११ ते १६ नॉट. मोठ्या लाटा, सर्वत्र फेस आणि थोडे तुषार उडताना दिसले तर ६, म्हणजे २२ ते २७ नॉट. सहा ऐकलं की पूल आणि वरच्या डेकचा नाद सोडून आतल्या, मधल्या आणि खालच्या जागांकडे वळावं.

मधल्या आणि खालच्याच का? लाटेवर जहाजाची पुढची-मागची टोकं सीसॉसारखी वर-खाली होतात आणि मध्यभाग सगळ्यात कमी हलतो. कुशीवर डोलणं जितकं वर जावं तितकं जास्त जाणवतं. जहाजाच्या पोटाशी बसवलेले स्थिरक पंख हे डोलणं कमी करतात, पण टोकांचं वर-खाली होणं त्यांना फारसं रोखता येत नाही. त्यामुळे अगदी पुढे असलेल्या नाट्यगृहात किंवा उंचावरच्या निरीक्षण-कक्षात बसून पोट ढवळत असेल तर उठून जहाजाच्या मध्यभागी, तीन-चार मजले खाली या. फरक लगेच कळतो.

जेवण आणि पूल: गर्दीच्या उलट वेळा

बुफेतली खरी झुंबड साडेबारा ते पावणेदोनच्या दरम्यान असते. पावणेबाराला जा किंवा पावणेदोननंतर. उशिरा जाणार असाल तर बुफेचे कुठले कक्ष किती वाजता बंद होतात ते पत्रिकेत पाहून घ्या, कारण सगळे एकदम बंद होत नाहीत. मुख्य भोजनगृह समुद्रातल्या दिवशी दुपारीही बहुधा उघडं असतं. तिथे निवांत बसून वाढून घेता येतं, आणि नवख्यांना हे ठाऊकच नसल्यानं गर्दीही कमी असते. आत जाण्यापूर्वी साबण लावून वीस सेकंद हात धुवा. दारात मिळणारं सॅनिटायझर हा त्याला पर्याय नाही. जहाजांवर पोटाच्या साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर ते फारसं चालत नाही, साबण-पाण्यानं मात्र तो धुतला जातो.

पूलपाशीच्या खुर्च्या सकाळी नऊपासून टॉवेल टाकून अडवलेल्या दिसतात. बऱ्याच जहाजांवर अर्धा-पाऊण तास खुर्चीवर कोणी नसेल तर कर्मचारी सामान उचलून ठेवतात. असा नियम असेल तर त्यांनाच सांगा, टॉवेल स्वतः हलवून वाद ओढवून घेऊ नका. खुर्च्या मोकळ्या होतात त्या दोन वेळांना: सगळे जेवायला गेलेले असताना आणि चारनंतर. यातली दुसरी वेळ सरस. ऊन उतरलेलं असतं आणि गरम पाण्याच्या टबांनाही रांग नसते. टबात एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

अनेक जहाजांवर पूलमध्ये समुद्राचंच पाणी भरतात, म्हणून बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं अंग धुवा. समुद्र खवळला की पूलचं पाणी हिंदकळून बाहेर पडतं, मग तो रिकामा करतात किंवा वर जाळी ओढतात. आणि एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात ठेवावी: सगळ्या जहाजांवर जीवरक्षक नसतात. पूल लहान दिसतो, गर्दीत मूल पटकन नजरेआड होतं. पाण्यात मूल असेल तोवर एका मोठ्या माणसानं फक्त त्याच्याकडेच पाहायचं, हातात फोन नको.

सनस्क्रीनच्या बाबतीत चूक होते ती प्रमाणाची. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं. शंभर मिलीची बाटली घेऊन चौघं आठवडाभर काढतात, याचा अर्थ कोणीच पुरेसं लावत नाही. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेलं, बाहेर पडण्याच्या पंधरा मिनिटं आधी लावा. नंतर दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. कान, पायांचे वरचे भाग आणि भांगातली त्वचा हमखास विसरतात. वारा अंगावरचा घाम सुकवतो, त्यामुळे ऊन जाणवत नाही आणि भाजल्याचं संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कळतं. पाणीही याच कारणानं कमी प्यायलं जातं. बाटली सोबत ठेवा, तहान लागायची वाट पाहू नका.

आतले कार्यक्रम

प्रश्नमंजुषा दुपारी दोनदा-तीनदा तरी असते. संघ बहुधा सहा जणांपर्यंतचा. दहा-पंधरा मिनिटं आधी जा, कारण टेबलं भरतात. एकटे किंवा दोघंच असाल तर ज्या टेबलावर जागा आहे तिथे सरळ विचारा, ‘तुमच्यात येऊ का?’ बहुतेक जण हसून खुर्ची ओढतात, आणि क्रूझवरच्या ओळखी अशाच होतात. काही जहाजांवर समुद्रातल्या प्रत्येक दिवशी गुण जोडत जाणारी मालिका असते. तिच्यात पहिल्या दिवसापासून बसलात तरच मजा.

पुढच्या बंदराबद्दलची व्याख्यानं दोन प्रकारची असतात आणि पत्रिकेत ती सारखीच दिसतात. एक इतिहास, निसर्ग, समुद्र यांवरचं. दुसरं खरेदीचं, ज्यात ठरावीक दुकानांची जाहिरात असते. शीर्षकात ‘खरेदी’ असेल तर तो तास दुसरीकडे घालवा. व्याख्यान चुकलं तरी हरकत नाही, पुष्कळ जहाजांवर ते नंतर केबिनच्या टीव्हीवर दाखवतात.

दुपारचा चहा साडेतीन-चारच्या सुमारास असतो: छोटी सँडविचेस, स्कोन, केक आणि किटलीतून वाढलेला चहा. अनेक जहाजांवर तो भाड्यातच धरलेला असतो, काही ठिकाणी खास चहाला वेगळे पैसे पडतात. बसण्याआधी विचारा. रात्रीच्या जेवणाची पहिली पाळी घेतली असेल तर चहाबरोबर हात आखडता ठेवा, नाहीतर दोन तासांत पुन्हा ताटावर बसावं लागतं.

स्पा समुद्रातल्या दुपारी सगळ्यात महाग आणि सगळ्यात भरलेला असतो. तोच मसाज बंदराच्या दिवशी बऱ्याचदा सवलतीत मिळतो. दुपारचीच वेळ हवी असेल तर जहाजावर चढल्याच्या दिवशी नोंदवा. आधी भरायच्या फॉर्मवर ‘उत्पादनांची माहिती नको’ असं लिहून टाका, म्हणजे शेवटी तेलं-क्रीमं विकण्याचा आग्रह होत नाही. बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं का तेही पाहा, नकळत दोनदा दिलं जातं.

बिंगो, चित्रांचा लिलाव, दागिन्यांची विक्री हे पैसे काढणारे कार्यक्रम. पाहायला जायला हरकत नाही. पण लिलावात फुकटची शॅम्पेन पिऊन हात वर करू नये, घेतलेलं चित्र परत करणं सोपं नसतं.

शफलबोर्ड खेळून पाहा

डेकवर रंगवलेला त्रिकोण आणि लांब दांड्या पाहून बहुतेक जण पुढे निघून जातात. खरं तर दुपारच्या सावलीत दोघा-चौघांनी तासभर रमावं असा हा खेळ आहे, आणि त्याला ताकद लागत नाही. आजी आणि नातू बरोबरीनं खेळू शकतात.

१. आठ चकत्या घ्या, चार एका रंगाच्या आणि चार दुसऱ्या. दांड्या आणि चकत्या डेकवरच्या पेटीत असतात, नसतील तर खेळांच्या काउंटरवर मागा.

२. दोघंही एकाच टोकाला उभे राहा आणि समोरच्या टोकाच्या त्रिकोणाकडे आळीपाळीनं एकेक चकती ढकला. त्रिकोणाच्या शेंड्याला १०, त्यामागच्या दोन घरांना ८-८, मग ७-७, आणि पायथ्याच्या घरात गेलं तर वजा १०. आखणी जहाजागणिक थोडी बदलते, तिथे जे रंगवलंय ते मानायचं.

३. दांडी चकतीला टेकवून एकाच सलग हालचालीत पुढे न्या. मागे घेऊन ठोसा मारला की चकती वाकडी जाते. एक पाऊल पुढे टाकत, हात सरळ ठेवून ढकलणं सगळ्यात भरवशाचं.

४. आठही चकत्या झाल्यावरच गुण मोजा. चकती रेषेला जराशी जरी शिवत असेल तरी त्या घराचा गुण नाही. मग दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा. ५० किंवा ७५ गुणांचा डाव दुपारला पुरतो.

सुरुवातीला सगळे दहाच्या घराच्या मागे लागतात आणि चकती पायथ्याच्या वजा दहात जाते. आधी सात-आठच्या घरांत टाका आणि मग त्या चकतीच्या समोर दुसरी उभी करा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ती थेट उडवता येणार नाही. शेवटची चकती ज्याच्या हातात त्याचं पारडं जड, म्हणून पहिली खेळी आळीपाळीनं घ्या. डेक ओला असेल तर चकत्यांचा अंदाज बिघडतो. जहाज एका कुशीवर थोडं झुकलेलं असलं तर सगळ्या एकाच बाजूला वळतात. पहिल्या दोन चकत्या गुण न धरता टाकून हे वळण जोखून घ्या.

नुसतं समुद्राकडे पाहणं

हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात समाधान देणारा उद्योग. पण नजर कशी टाकायची हे माहीत हवं. डोळे पाण्यापासून ३० मीटर उंचीवर असतील तर क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर असतं. एवढ्या पसाऱ्यात काहीही शोधत बसलं की दहा मिनिटांत कंटाळा येतो. डॉल्फिन दिसतात ते जहाजाच्या जवळ, म्हणून जवळच्या पट्ट्यातच पाहा.

सावलीची बाजू निवडा. तिथे ऊन लागत नाहीच, शिवाय सूर्य पाठीशी असल्यानं पाण्यावरची चकाकी डोळ्यांवर येत नाही. फिरायच्या डेकवर पुढच्या बाजूला कठड्यापाशी उभं राहा. आधी नुसत्या डोळ्यांनी पाण्याचा पट्टा डावीकडून उजवीकडे चाळा. पांढरा फेस वाऱ्याच्या ओळीत नसेल, एकाच जागी पुन्हा पुन्हा उठत असेल, तर तिथे दुर्बीण लावा. पक्ष्यांचा थवा एका जागी घिरट्या घालत असेल तर खाली मासे असतात, आणि बऱ्याचदा डॉल्फिनही. देवमासा आधी दिसतो तो त्याच्या फवाऱ्यावरून: धुराचा झोत उठावा आणि विरून जावा तसं. तो पुन्हा वर येईपर्यंत त्या जागेवरून नजर हटवू नका.

उष्ण समुद्रात जहाजानं कापलेल्या पाण्याच्या कडेनं उडणारे मासे बाहेर पडतात. चंदेरी-निळे, हातभरही नसतात, पंखांसारखे पर पसरून लाटेच्या वर थोड्याच उंचीवरून तरंगत जातात आणि शेपटीनं पाण्याला फटकारत पुन्हा वेग घेतात. त्यांच्यावर टपलेले बूबी जातीचे समुद्रपक्षी जहाजाच्या पुढच्या टोकाबरोबर तासन्‌तास उडताना दिसतात.

दुर्बीण ७×५० किंवा ८×४२ घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). हलत्या डेकवर दहापटीच्या वर मोठं करणारी दुर्बीण नुसती थरथरते. वातानुकूलित केबिनमधून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की भिंगावर वाफ धरते. तो बंद पिशवीत ठेवूनच बाहेर न्या आणि वीस-तीस मिनिटांनी उघडा.

पोट ढवळलं तर

कानातलं तोलाचं इंद्रिय हालचाल सांगतं आणि डोळ्यांना समोरचं पुस्तक स्थिर दिसतं, या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून पहिली गोष्ट, फोन आणि पुस्तक बाजूला ठेवा. मध्यभागातल्या खालच्या उघड्या डेकवर जा आणि क्षितिजावर नजर स्थिर करा. रिकामं पोट त्रास वाढवतं, कोरडी बिस्किटं किंवा सफरचंद थोडं थोडं खा. आलंही अनेकांना मानवतं. मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग कमी होतो. मेक्लिझिनसारखी गोळी तासभर आधी घ्यावी लागते, झोप येते आणि तिच्यावर दारू नको. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच किमान चार तास आधी लावतात, तो तीन दिवसांपर्यंत चालतो. पॅच हाताळल्यावर हात धुवा, औषध डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं. दोन्हींबद्दल घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला.

केबिनमधली दुपार

डुलकी वीस-तीस मिनिटांची ठेवा, गजर लावून. पूलच्या डेकखालच्या केबिनमध्ये दुपारी खुर्च्या ओढल्याचे आणि संगीताचे आवाज येतात, कानातले बोळे सोबत असू द्या.

बाल्कनी असेल तर एक सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं की वारा आरपार वाहतो आणि जड दार प्रचंड जोरानं आपटतं. चौकटीत बोटं असतील तर चिरडतात. आधी बाल्कनीचं दार लावा, मग केबिनचं उघडा, आणि मुलांनाही हे करून दाखवा. ओले कपडे कठड्यावर वाळत घालू नका, ते उडतात. बाल्कनीतून काहीही खाली टाकू नका, सिगारेटचं थोटूक तर नाहीच. ते वाऱ्यानं खालच्या एखाद्या बाल्कनीत येऊन पडतं आणि आग लागू शकते.

मुलांच्या क्लबची नोंदणी पहिल्या दिवशी करा. वयाचे गट ठरलेले असतात आणि लंगोट वापरणाऱ्या मुलांना बहुधा मुख्य क्लबात घेत नाहीत. पूललाही तोच नियम असू शकतो. क्लब जेवणाच्या वेळी बंद राहतो का, ते मूल सोडतानाच विचारून घ्या.

सफरीतली शेवटची समुद्रातली दुपार मात्र थोडी कामाला ठेवा. अ‍ॅपवर किंवा टीव्हीवर खात्याचा हिशेब तपासा. चूक आढळली तर चारच्या आत स्वागतकक्षात जा, रात्री तिथे मोठी रांग लागते. मोठ्या बॅगा बहुधा रात्री ठरावीक वेळेआधी केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट किनाऱ्यावरच मिळतात. त्यामुळे पासपोर्ट, औषधं, चार्जर, रात्रीचे कपडे आणि दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आधी हातातल्या पिशवीत काढा, चपला-बुटांसकट, आणि मगच बाकीचं भरायला घ्या.